उसनं पाप

माणसाने पाप करू नये हे तर खरंच, पण एखादं तरी करून ठेवावं. अडीनडीला कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. काटेवाल्याने ही दूरदृष्टी दाखवली नाही. त्यामुळे वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, घर रिकामं झालेलं, बॅगा भरलेल्या, मुलींची नावं शाळेतून काढलेली, अशा ऐन वेळी तो पंचाईतीत सापडला.

काटेवाला म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारा. दवाखान्यातल्या बाळं तोलायच्या काट्यापासून गोदामातल्या ट्रकसकट माल तोलणाऱ्या काट्यापर्यंत सगळे काटे त्याच्या हाताखालून जात, आणि एकदा गेले की खोटं बोलायचं विसरत. त्याच्या दुकानात कपाटाएवढ्या काचेच्या पेटीत एक नाजूक काटा होता. त्यावर कोरा कागद तोलावा, मग त्याच कागदावर सही करून पुन्हा तोलावा. काटा शाईचं वजन सांगे. सही खोटी असेल तर तेही सांगतो असं काही लोक म्हणत, पण लोकांच्या जिभेला कुठे काटा असतो.

परदेशी जायचं होतं ते खरं तर त्याच्या बायकोमुळे. ती बाळंतपणं करणारी नर्स. एकोणीस वर्षांची असताना तिच्या चर्चमध्ये कुणा पाहुण्याने पडद्यावर चित्रं दाखवली होती: दूरदेशी डोंगरात मिशनचा दवाखाना, आणि दोन दोन दिवस चालत तिथे बाळंत व्हायला येणाऱ्या बाया. बाकीच्या मुली चित्रं पाहून घरी गेल्या. ही मात्र मनाने गेली ती तिकडेच, आणि घरी फक्त शरीर आलं. मग लग्न झालं, मुली झाल्या, सासूबाईंचं आजारपण निघालं, आणि दरवेळी तिने ‘पुढच्या वर्षी’ म्हटलं. अशी एकोणीस पुढची वर्षं गेल्यावर तिकडून पत्र आलं की या. तिथली म्हातारी नर्स गुडघ्यांनी थकली होती आणि बदली माणूस आल्याशिवाय खुर्चीत बसणार नव्हती. नवऱ्यालाही काम होतं, दवाखान्यातली यंत्रं सांभाळायची. चौघांच्या चार बॅगा त्याने स्वतः भरल्या. प्रत्येक बॅग तेवीस किलो. तेवीस म्हणजे तेवीस. धाकटीने खाऊचा एक लाडू आत टाकला तर बापाने मोजे बाहेर काढले.

आता राहिलं होतं एकच. मिशनचा नियम असा, की जाणाऱ्या कुटुंबाच्या कर्त्याने तीन चर्चच्या मंडळ्यांपुढे उभं राहून साक्ष द्यायची. आपण कसे होतो, प्रभूने कसं हात धरून बाहेर काढलं, ते सांगायचं. मग हात वर करून मत. तीनपैकी दोन मंडळ्या ‘पाठवा’ म्हणाल्या तर तिकिटं निघणार, नाहीतर पत्र परत.

पहिली मंडळी त्याच्या स्वतःच्याच चर्चची. काटेवाला धुतलेला शर्ट घालून उभा राहिला आणि म्हणाला, “मी चांगल्या घरात जन्मलो. शाळेत वेळेवर जात असे. एकदा वाचनालयाचं पुस्तक दोन दिवस उशिरा दिलं, पण ते दोन्ही दिवस वाचनालय बंद होतं.” इथे तो थांबला, कारण हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत अंधारा भाग होता. पुढे त्याने एका किराणा दुकानाच्या काट्यात दोन ग्रॅमचा फरक राहिल्याचं घरी आल्यावर लक्षात आल्यामुळे पुन्हा सात मैल चालत गेल्याची हकिकत सांगितली. रस्ता सांगितला. रस्त्यातले फाटे सांगितले.

चौथ्या मैलाला पहिला बाक झोपला. सहाव्या मैलाला पाळकांची मान छातीवर आली. सातव्या मैलाला पेटी वाजवणाऱ्या बाईंचं कोपर पट्ट्यांवर पडून एक लांबच लांब सूर निघाला, आणि त्यानेही कुणी उठलं नाही. मतासाठी हात वर करा म्हटल्यावर पाच हात वर गेले, त्यातले दोन आळोखेपिळोखे देण्यासाठी होते.

मिशनच्या चिटणीसबाई तेवढ्या जाग्या होत्या. सडपातळ, ताठ, डोळ्यांवर चष्मा आणि चष्म्यावरून नजर. त्यांनी त्याला कोपऱ्यात घेतलं.

“भाऊ, साक्ष म्हणजे काय? माणूस कशातून तरी वाचलेला असतो. तुम्ही कशातून वाचलात?”

काटेवाल्याने प्रामाणिकपणे विचार केला. “गोवरातून,” तो म्हणाला.

“लोकांना अंधारातून उजेडात आलेला माणूस बघायचा असतो. तुमच्याकडे नुसताच उजेड. तो डोळ्यांवर आला की माणूस डोळे मिटणारच.” त्यांनी वही मिटली. “अजून दोन मंडळ्या आहेत. दोन्ही मिळाल्या पाहिजेत आता. काहीतरी आठवा.”

घरी खाटा वाटून टाकलेल्या होत्या, म्हणून चौघं जमिनीवरच्या गाद्यांवर बसून जेवत. नर्सबाईंनी भांडी आपटली नाहीत, कारण ती चारच उरली होती. त्यांनी फक्त दवाखान्याचं पत्र बॅगेतून काढलं, घडी सरळ केली आणि पुन्हा ठेवलं. काटेवाल्याला वाटलं, त्यापेक्षा तिने चार शब्द सुनावले असते तर बरं.

दुसऱ्या दिवशी तो पाप करायला बाहेर पडला. मोठं काही नको, सांगण्यापुरतं हवं. पोस्टात रांगेत घुसला, तर पुढची बाई मागे सरकून म्हणाली, “तुम्हीच ना दवाखान्याचा काटा फुकट नीट करून दिलात? या, या, पुढे या.” एका गिऱ्हाइकाला ‘तुम्हाला अक्कल नाही’ असं तोंडावर म्हणाला, तर तो गहिवरला, म्हणाला, “बायको रोज सांगते, पण तुमच्यासारख्या माणसाने सांगितलं म्हणजे विचार केला पाहिजे.” संध्याकाळपर्यंत काटेवाला घामाघूम झाला आणि खाती एक पाप जमा झालं नाही.

अशा वेळी मेहुणा आला. हा नर्सबाईंचा थोरला भाऊ, ट्रकचालक, दारातून आत येताना आधी पोट यायचं आणि मागून तो. तरुणपणी त्याने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. आता सुधारला होता आणि त्याच्या साक्षीला बाहेरगावची माणसं येत. दर वर्षी तिच्यात एखादं नवं पाप उगवे, त्यामुळे नेहमीचे श्रोतेही कंटाळत नसत.

“जावईबापू, तोंड का उतरलंय?”

काटेवाल्याने सांगितलं.

“एवढंच? अहो, माझ्याकडे पडून आहेत की. एक घ्या.”

“दादा, दुसऱ्याचं कसं घेणार?”

“वापरलेलं नाही. आजवर कुणाला सांगितलेलं नाही, अगदी करकरीत आहे.” त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तुमच्या वहिनीमुळे सांगता येत नाही. तुम्हीच लावा सत्कारणी.”

गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. मेहुणा तेव्हा तळ्याकाठच्या गावात राहत असे. एका रविवारी दुपारी दोन मित्रांबरोबर बाटली घेऊन त्याने घाटावरची कुणाचीशी होडी सोडली. तळ्याच्या मधोमध गेल्यावर पाहतात तो होडीत घोट्याएवढं पाणी. तिघांनी विचारविनिमय केला. बाटली संपत आली होती, म्हणून विचार भराभर सुचत होते. शेवटी मेहुण्याने पाणी बाहेर जायला वाट हवी म्हणून होडीच्या तळाला भोक पाडलं.

“मग?” काटेवाल्याने विचारलं.

“मग काय. पाणी मोठ्या मनाचं निघालं, जायच्या ऐवजी आलं. आम्ही पोहत काठाला लागलो. काठावर तुमची वहिनी उभी. तेव्हा लग्न व्हायचं होतं, आणि मी दारू सोडली अशी तिच्या बापापुढे शपथ घेतलेली. तिने विचारलं, भिजलात कसे? मी म्हटलं, बुडणारं पोर वाचवलं.” मेहुण्याने सुस्कारा टाकला. “त्यावरच तर तिने होकार दिला. अजून दर वर्षी विचारते, ते पोर आता केवढं झालं असेल हो. मी म्हणतो, माझ्या खांद्याला लागत असेल.”

काटेवाल्याने रात्रभर विचार केला, पण सकाळी बायकोचा चेहरा पाहिला आणि पाप पत्करलं. मेहुण्याने बजावलं होतं की गावाचं नाव, तळ्याचं नाव, तारीख काही सांगायचं नाही. पण जन्मभर अचूकपणाची सवय लागलेल्या माणसाने खोटं बोलायचं म्हटलं तरी ढोबळ कसं बोलावं? त्याने सगळं खोदून खोदून विचारून घेतलं होतं.

दुसऱ्या मंडळीपुढे तो उभा राहिला आणि म्हणाला, “मी दारू प्यालो.” पहिल्या बाकाने मान वर केली. “मी होडी चोरली. हिरवी होडी, पांढरा पट्टा, वजन अंदाजे एकशे ऐंशी किलो.” मागचा बाक पुढे सरकला. तळं सांगितलं, घाट सांगितला, तारीख सांगितली. आणि जेव्हा तो म्हणाला, “मग मी तळाला भोक पाडलं, सव्वा इंच,” तेव्हा सगळ्या चर्चने एकदम श्वास आत घेतला. खिडक्यांचे पडदे आत ओढले गेले म्हणतात. म्हाताऱ्या बाया रडल्या. पुरुषांनी नाकं शिंकरली. मताच्या वेळी माणसांहून हात जास्त झाले, कारण काहींनी दोन दोन वर केले होते.

परतीच्या बसमध्ये मुली झोपल्या. नर्सबाई नवऱ्याकडे वळल्या.

“अहो, तुम्हाला पोहता येतं?”

“नाही.”

“मग काठावर कसे आलात?”

काटेवाल्याने समोरच्या सीटची शिवण तपासली. नर्सबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, आणि बस थांबेपर्यंत बाहेरच पाहत राहिल्या.

इकडे तळ्याकाठी काय झालं ते ऐका. तिसरी मंडळी त्याच गावची, हे काटेवाल्याला माहीत होतं; पण बातमी त्याच्या आधी पोचेल हे त्याने धरलं नव्हतं. तिथे दोन होडीवाले भाऊ होते, पिकलेल्या मिशांचे. हिरवी होडी त्यांची. ती नाहीशी झाल्यावर थोरला म्हणाला धाकट्याने विकली, धाकटा म्हणाला थोरल्याने लपवली, आणि बावीस वर्षं दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. एकाच घरात राहत. मीठ हवं असलं तर कुत्र्याला उद्देशून मागत. बातमी आली त्या दिवशी दोघं गळ्यात पडून रडले, आणि त्या कुत्र्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कामातून सुट्टी मिळाली.

आणि बातमी वहिनींपर्यंतही गेली. त्या तडक काटेवाल्याच्या रिकाम्या घरी आल्या. मागे मेहुणा, चेहरा चुन्यासारखा.

“भाऊजी, तुम्ही होडी बुडवलीत ती तारीख खरी?”

“हो, वहिनी.”

“त्याच दिवशी, त्याच तळ्यात यांनी ते पोर वाचवलं. म्हणजे ते पोर तुमच्या होडीत होतं.” त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की गादीवर बसलेला तो जमिनीवर सरकला. “स्वतः पोहून आलात आणि लेकराला सोडून दिलंत. आणि निघालात बाळंतपणाच्या दवाखान्यात. रविवारी मी येणार आहे. पहिल्या बाकावर बसणार आहे. पोराचं काय केलंत ते तिथे सांगा.”

मेहुणा त्यांच्या पाठीमागून हात जोडत होता. नर्सबाई उभ्या उभ्या एकच टॉवेल चारदा घडी करत होत्या.

वहिनी गेल्यावर काटेवाला बायकोला म्हणाला, “अगं, खरं सांगितलं तर मत जाईल.”

“हं.”

“एकोणीस वर्षं थांबलीस तू.”

“मोजता येतात मला,” त्या म्हणाल्या. मग टॉवेल ठेवला. “पण मला तिकडे जायचंय ते बायांना धीर द्यायला. खोट्यावर पाय ठेवून गेले तर त्यांना काय सांगू, जोर लाव?”

रविवार उजाडला. तळ्याकाठचं चर्च छोटं, पण गर्दी एवढी की दोन माणसांत एक श्वास वाटून घ्यावा लागत होता. पहिल्या बाकावर एका टोकाला वहिनी, दुसऱ्या टोकाला होडीवाले भाऊ, केस विंचरून. मेहुणा सगळ्यांत मागे, दारापाशी. चिटणीसबाई वही उघडून.

काटेवाला उभा राहिला. थोरला होडीवाला त्याच्याकडे पाहून ओळखीचं हसला.

“होडी मी बुडवली नाही,” तो म्हणाला. “मी त्या तळ्यात आजवर पाय घातलेला नाही. दारूचा वास मला औषधाच्या दुकानापलीकडे माहीत नाही. एकेचाळीस वर्षं मी कधी खोटं बोललो नव्हतो. गेल्या रविवारी बोललो, आणि देवाच्या घरात बोललो. लोक रडले तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, भोक दीड इंचाचं सांगायला हवं होतं.”

कुणी झोपलं नव्हतं. एक तान्हं बाळ होतं, तेही डोळे टक्क उघडून बघत होतं.

“मग होडी कुणी बुडवली?” धाकटा होडीवाला उठला. त्याने तिरक्या नजरेने थोरल्याकडे पाहिलं, थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं, आणि बावीस वर्षं पुन्हा दारातून डोकावू लागली. बाहेर कुत्रा उगाच उठून बसला.

“ते मी सांगणार नाही,” काटेवाला म्हणाला. “चोर तुमच्या घरातला नाही, एवढं खरं.”

“आता तुमच्या खऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा?” थोरला म्हणाला, आणि प्रश्न रास्त होता.

तेव्हा मागून बाक करकरला. मेहुणा उभा राहिला. एरवी त्याचा आवाज पाच चर्चना पुरे, पण आज पुढच्यांना माना वळवाव्या लागल्या.

“ती साक्ष माझी आहे,” तो म्हणाला. “होडी मी बुडवली. पोर नव्हतंच.”

वहिनी वळल्या नाहीत. समोर बघतच म्हणाल्या, “नव्हतंच?”

“नव्हतं.”

“बावीस वर्षं मी त्याच्यासाठी प्रार्थना करतेय. दर वाढदिवसाला.”

“तो तूच ठरवलास ना वाढदिवस,” मेहुणा पुटपुटला, आणि हे बोलायला नको होतं हे त्याला बोलल्यावर कळलं.

पाळक म्हातारे होते. त्यांनी घसा साफ केला. “दुसऱ्याचं पाप स्वतःच्या अंगावर घेतल्याचं एक उदाहरण आपल्याकडे आहे खरं...”

“ते वेगळं,” चिटणीसबाई म्हणाल्या. “तिथे मतं मिळवायची नव्हती.”

“हो, ते वेगळं,” पाळक लगेच म्हणाले.

होडीवाले भाऊ आपसात कुजबुजत होते. मग कुजबुज वाढली आणि सगळ्यांना ऐकू येऊ लागली. धाकटा म्हणत होता की आपण मेहुण्याला चांगला चोपू. थोरला म्हणत होता की आधी मत, मग चोप. धाकटा म्हणाला, तू नेहमी स्वतःचंच खरं करतोस. थोरला म्हणाला, बावीस वर्षांत कधी करायला मिळालं. दोघांचा आवाज चढला, पण बोलत एकमेकांशीच होते, कुत्र्याशी नव्हे.

“मत घ्यायचंय,” चिटणीसबाईंनी वहीवर पेन्सिल आपटली. “या माणसाने खोटी साक्ष देऊन एका मंडळीचं मत घेतलं. ते मी खोडणार. म्हणजे पहिली मंडळी नाही, दुसरी नाही.” नर्सबाईंनी धाकटीचा हात घट्ट धरला, धाकटी ‘आई, दुखतंय’ म्हणाली. “पण आज तिन्ही मंडळ्यांची माणसं इथे आलेली दिसतायत, तमाशा बघायला का होईना. मग एकदाच तिन्हींचं घेते. पहिली मंडळी, हात.”

जे बाक पहिल्या वेळी घोरत होते त्यांनी हात वर केले. चिटणीसबाईंनी दोनदा मोजलं.

“दुसरी. एकेकच हात. मी बघतेय.”

दुसऱ्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बाया जराशा फुरंगटल्या होत्या, आपले अश्रू वाया गेले म्हणून. पण एकीने शेजारणीला कोपर मारलं, म्हणाली, “आजची पण बरी होती की,” आणि हात वर गेले. जेमतेम, पण गेले.

तिसरीची गरजच उरली नव्हती. तरीही होडीवाल्यांनी हात वर केलेच, थोरल्याने आधी, म्हणून धाकट्याने उंच.

चिटणीसबाई काटेवाल्याजवळ आल्या आणि चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, “तिकडे पोचल्यावर हीच साक्ष द्या. आणि सात मैलांची गोष्ट सांगू नका. तिथे आजारी माणसं आहेत.”

बाहेर ऊन होतं. चौघं फाटकापर्यंत आली. थोरली म्हणाली, आता बॅगा पुन्हा तोलू नका बाबा. काटेवाला हसला. कितीतरी दिवसांनी त्याला छाती भरून श्वास घेता आला. पण नर्सबाई फाटकाची कडी धरून उभ्याच राहिल्या.

“काय झालं?”

“तेव्हा दादाचे ओले कपडे मी पिळले होते,” त्या म्हणाल्या. “सोळा वर्षांची होते. वहिनीच्या वडिलांना काही खरं वाटेना. मला विचारलं, पोरी, तू पाहिलंस का? मी म्हटलं, पाहिलं.” मग कडीकडे पाहत म्हणाल्या, “म्हटलं, गोरंगोमटं होतं. आणि गालाला खळी होती.”

काटेवाल्याने बायकोकडे पाहिलं. पंधरा वर्षांचा संसार, आणि त्याला वाटे की हिच्यातला ग्रॅम न् ग्रॅम आपल्याला ठाऊक आहे.

“बसमध्येच कळलं होतं तुला,” तो म्हणाला. “होडी कुणाची ते.”

“तारीख ऐकली तेव्हाच.”

“आणि गप्प बसलीस.”

“जायचं होतं ना मला.” त्यांनी पदर नीट केला, कडी सोडली आणि वळल्या. चर्चच्या पायऱ्यांवर वहिनी एकट्याच बसल्या होत्या. मेहुणा आठ हात अंतरावर उभा राहून जवळ जाऊ की नको करत होता. नर्सबाई त्याच्या बाजूने पुढे गेल्या आणि वहिनींच्या शेजारी पायरीवर बसल्या.

फाटकापर्यंत शब्द येत नव्हते. वहिनींचं डोकं आधी हललं, मग थांबलं, मग त्या एकदम नणंदेकडे वळल्या आणि म्हणाल्या ते मात्र सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं: “खळीसुद्धा?”

“बाबा,” धाकटीने विचारलं, “आता आपण जाणार ना?”

“जाणार,” काटेवाला म्हणाला आणि फाटकाला टेकून उभा राहिला. “आई आली की.”